उजनीच्या काठावर आम्हाला खोल्या नकोत, थोडा सपाट मुरूम द्या

प्रति,
उजनी जलाशयाच्या पर्यटन आराखड्याचं काम पाहणारे सर्व अधिकारी,
तसंच करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या काठावरच्या गावांचे सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा, आणि गळवाला. वडील गिरणीत होते. रविवारी सुट्टी असली की सायकलवर मला पुढे बसवून हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे. सामान म्हणजे एक बांबूची काठी, दोरा, गळ आणि डब्यात कणकेचा गोळा. कणकेत ते शेंगदाण्याची पेंड मळायचे, आणि घरी आईला वाटायचं की पीठ लवकर संपतंय. तेव्हापासून हा नाद आहे. आता काठीच्या जागी रॉड आणि रील आलं, सायकलच्या जागी चारचाकी आली आणि हिप्परग्याच्या जागी उजनी. पेंड मात्र तीच.

वीसेक वर्षं मी आणि माझे दोन मित्र थंडीत उजनीच्या काठावर मुक्काम करतो. एकजण हवा भरायची होडी घेऊन येतो आणि दिवसभर वल्हवत बसतो. दुसऱ्याला मासे धरण्यात रस नाही, खाण्यात आहे. आम्ही कुणाला त्रास देत नाही, असं आम्हाला वाटत होतं. ते कसं खोटं ठरलं ते पुढे सांगतो.

उजनीच्या जलपर्यटनाचा पावणेतीनशे कोटींच्या पुढचा आराखडा २०२४ साली मंजूर झाल्याचं वाचलं. आनंदच आहे. सोलापूरला आलेला पाहुणा पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून परत जातो, त्याला पाणीही दिसावं. बोटिंग येऊ दे, हॉटेलं येऊ देत, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण अशा आराखड्यात हमखास विसरली जाणारी एक जात आहे. ती म्हणजे गळ टाकून तासन्‌तास गप्प बसणारे, वल्ही मारणारे, आणि आपलं घर आपल्याच गाडीत घेऊन फिरणारे. या तिघांना खोली नको, एसी नको, स्वागताचा हारही नको. पाण्याजवळ रात्र काढता येईल अशी परवानगीची जागा हवी. ही मागणी इतकी लहान आहे की ती कुणाच्या फाइलीतच बसत नाही, म्हणून हे खुलं पत्र.

आधी पाण्याबद्दल. उजनीची क्षमता साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी. वापराचं पाणी ५३-५४, आणि टक्केवारी मोजतात ती त्याचीच. म्हणून आपल्याकडे धरण ‘शून्यावर’ येतं तेव्हाही त्यात भरपूर पाणी असतं आणि मग ते ‘उणे’ मध्ये जातं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो. उणे पाणी कसं असेल? सोलापूरकराला विचारण्याची गरज पडत नाही, तो सकाळी चहाबरोबर उजनीची टक्केवारी वाचतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५९ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भरून वाहायला लागलं.

कागदावर हे आकडे आहेत, काठावर त्याचा अर्थ वेगळा. उजनीचा पसारा बशीसारखा उथळ आहे. पाणी एक मीटर उतरलं की सपाट भागात काठ कितीतरी लांब सरकतो. ऑक्टोबरमध्ये मी जिथे खुर्ची टाकून बसतो, तिथून एप्रिलमध्ये पाणी गाठायला अर्धा तास चालावं लागतं. आधी भेगाळलेली काळी माती, मग शेवाळ वाळून कागदासारखं झालेलं, मग गाळ. मधेच जुन्या विहिरीचा काठ, कुणाच्या तरी घराचं जोतं. पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं तेव्हा बघ्यांची गर्दी होते. पण नाव नसलेली कितीतरी जोती अशीच वर येतात आणि पुन्हा बुडतात, त्यांना बघायला कोण जात नाही.

तर माझा प्रश्न असा. ज्या पाण्याचा काठ वर्षातून एकदा एवढा पुढे-मागे होतो, त्याच्या काठाला पक्कं काही बांधणार कुठे? वर बांधलं तर फेब्रुवारीपासून पुढे समोर चिखल. खाली बांधलं तर ऑगस्टमध्ये छपरावर चिलापी.

या जलाशयावर पोट असलेला प्रत्येकजण पाण्याबरोबर हलतो. शेतकऱ्याची मोटार बघा. पाणी मागं सरलं की मोटार पुढं, केबल वाढवा, पाइप जोडा, चारी खोदा. जानेवारीपासून मेपर्यंत काठावरच्या माणसाचा निम्मा जीव त्या मोटारीत असतो. मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांच्या पाली, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या बघा, त्या पाण्यापासून ठरावीक अंतरावर सरकत राहतात. गाळपेर करणारे बघा. मोकळ्या झालेल्या जमिनीत मका, हरभरा, चारा टाकतात आणि पाणी यायच्या आत काढून घेतात. रोहित पक्षीसुद्धा गुडघाभर पाणी जिथे असेल तिथे जातो. तंबू आणि चाकावरचं घर हीही हलणारीच वस्ती आहे. म्हणून मला वाटतं, उजनीला साजेसं पर्यटन हेच आहे, आणि सगळ्यात स्वस्तही.

आता आमच्या फजितीबद्दल. पाच-सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. टेंभुर्णी सोडून आत वळलो, पोचेपर्यंत अंधार पडला. हेडलाइटच्या उजेडात मोकळी, सपाट, छान जमीन दिसली. तंबू ठोकला, चूल मांडली, झोपलो. काळ्या मातीत खुंट्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या, तेव्हाच शंका यायला हवी होती. सकाळी बाहेर खोकल्याचा आवाज. डोकं बाहेर काढलं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक काका उकिडवे बसून जमिनीकडे बघतायत. मीही बघितलं. मुठीएवढ्या अंतरावर हरभऱ्याचे दोन-दोन पानांचे कोंब, ओळीने. आमच्या तंबूखाली त्यांच्या चार ओळी आणि गाडीच्या चाकांखाली आणखी दोन.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “रातच्याला दिसलं नसंल.” मग स्वतःच म्हणाले, “आमचं बी कुठं आमचं हाय. पाणी हाय तवर त्याचं, नसलं की आमचं.” आम्ही पैसे पुढे केले तर घेईनात. शेवटी चहा घेतला, आमच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेतली आणि वरच्या बाजूचा मुरमाड माळ दाखवला. “हितं टाका की. हितं काय बी उगवत नाही.” तेव्हापासून आम्ही तिथेच उतरतो. खुंट्या ठोकायला आता पहारीने आधी भोक पाडावं लागतं, पण मनाला टोचणी नाही.

मुद्दा हा की आमच्यासारख्यांना कुठे उतरायचं हेच कुणी सांगत नाही. जागा ठरवून दिली, एक पाटी लावली, तर कुणाचा हरभरा चिरडणार नाही. आणि जागा निवडायला सल्लागार कंपनी नको. काठावरच्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या माणसाला विचारा, “काय बी उगवत नाही ती जागा कुठली?” तो बोट दाखवेल.

२०१९ मध्ये भाचीकडे अमेरिकेत, मिशिगनला गेलो होतो. तिथे जंगल खात्याच्या ताब्यातल्या तळ्यांकाठी मुक्कामाच्या जागा आहेत, त्यांना ते ‘रस्टिक’ म्हणतात. आपल्या भाषेत गावठी म्हणा. मी मनात अमेरिका धरून गेलो होतो, निघालं काय? एक हातपंप, एक संडास, लाकडाचं टेबल आणि चूल पेटवायला लोखंडी कडं. वीज नाही, आंघोळीला गरम पाणी नाही, कार्यालय नाही. प्रवेशापाशी जमिनीत रोवलेली जाड लोखंडी नळी, तिला वर फट. शेजारच्या पेटीतलं पाकीट घ्यायचं, त्यावर गाडीचा नंबर लिहायचा, आत पैसे घालायचे, फटीतून आत सोडायचं, पाकिटाचा तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. झालं बुकिंग. भाचीला म्हटलं, आपल्याकडे पहिल्याच रात्री ती नळी उपटून नेतील. ती म्हणाली, मामा, म्हणूनच ती काँक्रीटमध्ये बसवलीय. म्हणजे चोर तिकडेही आहेत तर.

त्याच देशात लष्कराच्या अभियंत्यांचं दल धरणं बांधतं आणि त्याच धरणांच्या काठावर मुक्कामाच्या जागाही सांभाळतं. धरणवाल्यांचं काम फक्त पाणी मोजायचं आणि पर्यटन दुसऱ्याच कुणाचं, अशी वाटणी तिथे नाही. ज्याला पाणी कधी किती चढणार हे माहीत, त्यानेच तंबू कुठपर्यंत ते ठरवायचं, हे मला पटलं.

पण सगळ्यात शिकण्यासारखा होता तो संडास. हसू नका. या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तोच आहे.

आपल्या गावांत दोन खड्ड्यांचे शोषखड्ड्याचे संडास झाले. घराघरांसाठी ती उत्तम सोय, कारण मैल्यातलं पाणी जमिनीत मुरतं आणि खत उरतं. जलाशयाच्या काठावर मात्र ते मुरणं नको. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते, आणि मुरमात भेगा असतील तर पाणी कुठून कुठे निघेल याचा भरवसा नाही. तिकडे खाली काँक्रीटची पूर्ण बंद टाकी असते. जमिनीत थेंब जात नाही, टाकी भरली की ओढून घेणारा टँकर येतो. वर उंच काळा पाइप, तो उन्हाने तापतो, हवा वर खेचतो आणि वास आत राहत नाही. ना फ्लश, ना नळ, ना वीज. आपल्याकडे मैला ओढणारे टँकर नगरपालिकांकडे आणि खाजगीतही आहेत. असा संडास जलाशयाच्या पूर्ण भरलेल्या रेषेच्या बऱ्यापैकी वर हवा, कारण उजनी शंभर टक्क्यांवर थांबत नाही, त्याच्या वरही भरतं. आणि जिथे संडास नाही तिथे पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून, वर माती लोटून. ही सवय प्रत्येक तंबूवाल्याला लावावी लागेल.

एवढं का सांगतोय? कारण हे पाणी आम्ही सोलापूरकर पितो. थेट पाइपलाइनने येतं ते आणि भीमा नदीत सोडून औज बंधाऱ्यावर अडवतात तेही. आधीच वरून पुण्या-पिंपरीचं काय काय या पाण्यात येतं ते उन्हाळ्यात हिरव्या रंगावरून कळतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरातला माणूस तुम्हाला सांगतोय, काठावर पाचशे खोल्या बांधून त्यांचं सांडपाणी नीट शुद्ध होईल की नाही याची चिंता करण्यापेक्षा पन्नास तंबू आणि दोन बंद टाक्या बऱ्या.

चाकावरच्या घरांचं तेच. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. गाड्या तर दिसायला लागल्यात. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुरमाड माळावर पुण्याचं एक निवृत्त जोडपं आलं. टेम्पो ट्रॅव्हलर स्वतः करून घेतलेली. छपरावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी, स्वच्छ पाण्याची टाकी, भांड्यांच्या पाण्याची वेगळी टाकी, आणि संडासाची कॅसेट, म्हणजे ओढून बाहेर काढायची बंद पेटी. बाईंनी आम्हाला सगळी गाडी हौसेने दाखवली, पडदे सोलापुरी चादरीचे शिवलेले. तीन दिवस त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. चौथ्या दिवशी त्या बाईंच्या यजमानांनी हळूच विचारलं, “ही पेटी रिकामी कुठे करायची हो?”

आम्हाला उत्तर देता येईना. ओढ्यात ओता असं सांगवेना. शेवटी त्यांनी ती पेटी तशीच गाडीत ठेवून हायवेवरच्या एका पंपावर परवानगी काढून तिथल्या संडासात रिकामी केली. सज्जन माणसं होती. दहातले किती असं करतील? अशा गाड्यांना काठावर विजेचा खांब नको, नळजोडणी नको. त्यांना तीनच गोष्टी लागतात. पाऊस पडला तरी चाक रुतणार नाही असा मुरमाचा कठीण तळ, पिण्याचं पाणी भरायला एक नळ, आणि मैला रिकामा करायला वर सांगितलेल्या टाकीलाच जोडलेलं झाकणाचं तोंड. नळ आणि ते तोंड एकमेकांपासून चांगलं लांब ठेवा, एवढंच. यातलं काहीही पाण्याच्या काठावर असायची गरज नाही. गावाच्या फाट्यावर असलं तरी चालेल.

आता वल्हेवाले. उजनीवर सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दुपारनंतर वारा उठतो. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही, लाट बघता बघता कमरेएवढी होते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. काठावरच्या गावांना ते विसरता येणार नाही, आणि नवीन येणाऱ्याला ते माहीतच नसतं. म्हणून लाइफ जॅकेटशिवाय होडी पाण्यात नाही, दुपारी बारानंतर मध्यात नाही, आणि निघताना गावात कुणाला तरी सांगून जायचं, ही अट जागेच्या परवान्यावरच छापा. मे महिना तर वल्ह्यांना बंदच ठेवा, ते ऊनही माणसाचं नाही.

आमचा होडीवाला मित्र म्हणतो, वाऱ्यापेक्षा त्याला केबलींची भीती वाटते. पाण्यात मोटारींच्या केबली आणि पाइप कुठून कुठे गेलेत ते दिसत नाही, काही तरंगतात, काही बुडालेल्या. जिथून होडी पाण्यात सोडायची ती वाट मोटारींपासून लांब आणि दोन बाजूंना काठ्या रोवून दाखवलेली हवी. पाणी उतरलं की काठ्याही पुढे. दुसरं, जाळी. भोई संध्याकाळी जाळी लावून येतात आणि पहाटे काढतात. खुणेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे. शहरातला हौशी पोरगा ते कचरा समजून उचलतो, आणि एका माणसाची रात्र वाया जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पोराला आपण काय केलं ते कळलंच नव्हतं, वर तो “क्लीन लेक” असा फोटो काढत होता.

आणि मासे. गळवाल्यांची बाजू घेऊन लिहितोय म्हणून आमचं सगळं बरोबर असं नाही. उजनीवर पिढ्यान्‌पिढ्या भोई समाजाचं पोट आहे. रोहू, कटला, मृगळ कमी होऊन चिलापीच जास्त मिळायला लागली, बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या वडाप जाळ्यांनी बोटभर पिल्लंही जातात, अशी त्यांची तक्रार मी दरवर्षी ऐकतो. त्यात आम्ही दोन किलोचा कटला धरून फोटो टाकणार आणि घरी नेणार, हे त्यांना कसं दिसत असेल? म्हणून गळाला माणशी दोन मासे, वीतभराच्या आतला परत पाण्यात, पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात तेव्हा गळ बंद, आणि गळाच्या परवान्याचे पैसे मच्छीमारांच्या संस्थेकडे, असं ठरवा. आमची तक्रार नाही. हौसेला पैसे मोजायचे असतात.

परत सोडायचा मासा कसा सोडायचा हेही शिकवावं लागतं. आमच्यातले जुने लोक हात कोरडा करून मासा घट्ट धरतात, त्याने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग मासा सोडला तरी वाचत नाही. हात आधी ओला करायचा, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चपटा केलेला असला की तो अलगद मागे सरकतो, आणि मासा पाण्यात उभा धरून तो स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत थांबायचं. एका भोई आजोबांनी मला हे दाखवलं तेव्हा मी पन्नाशीचा होतो. ते म्हणाले, “एवढी वरीस नुसतं मारायलाच शिकला व्हय?”

उजनीत काचेच्या पेटीतला सकर मासाही आता जाळ्यात येतो. काटेरी पाठीचा, जाळं फाडतो, बाजारात कोण घेत नाही. कुणीतरी घरातली पेटी आवरताना नदीत सोडला असणार. जलपर्णीचंही तसंच, एक तुकडा होडीच्या तळाला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेला की तिथलं पाणी झाकलं. उजनीवरून निघताना होडी उलटी करून धुऊन वाळवल्याशिवाय ती हिप्परग्याला किंवा सांगोल्याच्या बुद्धिहाळ तलावात उतरवायची नाही, एवढा नियम पाटीवर घाला.

पक्ष्यांबद्दल मी कमी लिहितो, मला त्यातलं कमी कळतं. पण रोहितांच्या थव्याकडे होडी नेली की सगळा थवा उडतो, तेवढी ताकद त्यांची वाया जाते. उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यातून वर आलेल्या उंचवट्यांवर नदी सुरय पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्या बेटांवर फेब्रुवारीपासून कुणाला उतरू देऊ नका. भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांना हे सगळं पाठ आहे, त्यांच्याकडून आपल्या बाजूच्या पोरांना चार दिवस शिकवून आणा. आणि तंबू उसाच्या कडेला नको. २०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, तेव्हा उसाच्या फडात जायला लोक घाबरत होते. मोकळा माळ बरा.

एक मात्र हात जोडून सांगतो. डीजे नको. रात्री पाण्यावरून आवाज किती लांब जातो याची शहरात कल्पना येत नाही. पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकलं तरी कळतं. जिथे ‘कॅम्पिंग’ म्हणून दिव्यांच्या माळा, स्पीकर आणि बाटल्या सुरू झाल्या, तिथे गळवाला पुन्हा जात नाही, आणि गावातल्या बायकांना संध्याकाळी पाण्यावर जाणं नकोसं होतं. काचेची बाटली काठावर आणायलाच बंदी घाला. गाळात फुटलेली काच पुढच्या वर्षी हरभरा पेरणाऱ्याच्या पायात जाते.

सरपंच मंडळींनो, आता तुमच्याशी. हे सगळं सांभाळणार कोण, तर गाव. एका गावाला एक जागा, जास्तीत जास्त बारा तंबू आणि चार गाड्या. तंबूला रात्रीचे दीडशे, गाडीला तीनशे, असं काहीतरी. गावातलाच एक माणूस संध्याकाळी फेरी मारेल, पावती फाडेल, नंबर लिहून घेईल. ऑक्टोबर ते डिसेंबर वरच्या मुरमावर, जानेवारीपासून मार्चपर्यंत जिथे पीक निघालंय त्या रानात शेतकऱ्याच्या संमतीने आणि त्याचा वाटा देऊन, एप्रिलपासून बंद. एवढ्या पैशांत गावाचं काही मोठं भलं होणार नाही, हे मलाही कळतं. पण लागणारा खर्चही दोन टाक्या, एक हातपंप आणि एक पाटी इतकाच. आणि पाहुणा आला की ज्वारीची भाकरी, पिठलं, ताजी मच्छी कुणाच्या तरी घरून जाणारच. जानेवारीत हुरडा. आपल्या बायका हे बचत गटातून उत्तम करतील, त्यांना कुणी हॉटेल मॅनेजमेंट शिकवायला जाऊ नये.

थंडीचं म्हणाल तर पहाटे काठावर चांगली हुडहुडी भरते. आम्ही अजूनही महागड्या स्लीपिंग बॅगेत झोपत नाही, दोन सोलापुरी चादरी एकात एक घालून झोपतो. भाकरी कडक, चटणी शेंगांची, दोन्ही आठवडाभर बिघडत नाहीत. मुक्कामाचं सामान म्हणून या दोन गोष्टींची जाहिरात अजून कुणी केली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आराखड्यात बदल करायला वेळ लागेल, निविदा असतील, सगळं मान्य. पण एका गावात, एका थंडीपुरतं करून बघायला मंजुरीची एवढी मोठी साखळी लागू नये. जागा मोजायला, काठ्या रोवायला, पाटी रंगवायला आम्ही तिघे येऊ. आमच्यातला खाणारा मित्र पूर्वी पाट्या रंगवायचा, त्याचं अक्षर चांगलं आहे.

आपला,
सोलापूरचा एक गळवाला

ता. क. हरभऱ्यावाल्या काकांना हे पत्र फोनवर वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं, मच्छीमारांच्या पैशाचं बरोबर आहे म्हणाले, डीजेवर हसले. शेवटी मी विचारलं, यंदा आम्ही तंबू कुठे टाकायचा? म्हणाले, “पाणी कुठं थांबतंय बघू. मग सांगतो.”